ऑर्डरी आटल्यावर कल्पना कशा शोधायच्या: लहान कारखान्यासाठी क्रमवार पद्धत

ऑर्डरी कमी झाल्या की बहुतेक लहान कारखान्यांत तीनपैकी एक गोष्ट घडते. मालक दर पाडतो, किंवा कुणाचं तरी ऐकून भलत्याच धंद्यात पैसे घालतो, किंवा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून "काहीतरी नवीन सुचवा" म्हणतो आणि अर्धा तास खाली बघणारे चेहरे पाहून बैठक संपवतो. मग निष्कर्ष निघतो, "आमच्या लोकांना काही सुचतच नाही."

लोकांना सुचतं. क्रम चुकलेला असतो. पैसे किती दिवस पुरणार हे माहीत नसताना कल्पना मागितल्या जातात, गिऱ्हाइकाला न विचारता उत्तरं शोधली जातात आणि प्रयोग कुठे थांबवायचा हे न ठरवताच सुरू होतो. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

उदाहरण म्हणून पुण्याजवळच्या भोसरीतलं एक जॉबवर्कचं युनिट धरू: तीन सीएनसी टर्निंग मशीन (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तसंच मिलिंग मशीन), चौदा माणसं, माल गिऱ्हाइकाचा आणि मजुरी आपली. लेखातले या युनिटचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, तिथे तुमचे घाला. मी स्वतः अशाच युनिटमध्ये २०१९ ची मंदी काढली. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टच्या तुलनेत ३० टक्क्यांहून जास्त घसरली होती आणि पुणे पट्ट्यातले मोठे कारखाने ब्लॉक क्लोजर (काही दिवस उत्पादन बंद) घेत होते. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका मी त्या काळात केल्या आहेत.

## टप्पा १: आधी आठवडे मोजा

कल्पनांचं काम इथून सुरू होतं, कारण चार आठवडे हातात असलेल्या माणसाने शोधायची कल्पना वेगळी आणि चाळीस आठवडे असलेल्याची वेगळी.

एक कागद घ्या, पुढच्या १३ आठवड्यांचे रकाने आखा. प्रत्येक आठवड्यात खात्रीने येणारे आणि नक्की जाणारे पैसे लिहा. "खात्रीने" म्हणजे बिल पास झालं आहे आणि गिऱ्हाइकाची पैसे देण्याची जुनी सवय माहीत आहे, एवढंच. "बहुतेक देतील" हा आकडा या कागदावर नको.

आपल्या उदाहरणात आठवड्याला पगार ७०,०००, बँकेचा हप्ता ३२,०००, वीज २२,०००, भाडं १८,००० आणि इन्सर्ट (कापणारी पाती), ऑइल, वाहतूक वगैरे २८,००० असे १,७०,००० जातात. खात्रीने १,१०,००० येतात. आठवड्याची तूट ६०,०००.

खात्यात ३ लाख आहेत. कॅश क्रेडिटची (सीसी, म्हणजे बँकेतून गरजेनुसार उचलायचं कर्ज) मंजूर मर्यादा पाहिली तर अजून ६ लाख उचलता येतील असं दिसतं. म्हणजे ९ लाख, १५ आठवडे.

हा हिशोब चुकीचा आहे, आणि इथेच अनेक जण फसतात. बँक सीसीतून किती उचलू देणार हे मंजूर मर्यादेवर ठरत नाही. दर महिन्याला तुम्ही देता त्या स्टॉक स्टेटमेंटवरून (माल आणि गिऱ्हाइकांकडची उधारी यांचा तक्ता) निघणाऱ्या ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेवर, ते ठरतं. विक्री घटली की गिऱ्हाइकांकडून येणं असलेली रक्कम घटते, आणि बऱ्याच बँका ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी त्यात धरतच नाहीत. मंदीत नेमकी हीच दोन्ही कारणं एकत्र येतात. ड्रॉइंग पॉवर काढल्यावर उरलेले ६ लाख ३ लाखच निघाले, तर हातात १० आठवडे आहेत. पाच आठवडे कागदावरच होते.

आता ठरवा की या रकमेतून प्रयोगांवर जास्तीत जास्त एका आठवड्याच्या तुटीइतके पैसे घालायचे. इथे ६०,०००. त्यापुढे कितीही चांगली कल्पना आली तरी हा कागद आधी पुन्हा काढायचा.

सावधान: जीएसटीचे आणि कामगारांच्या पगारातून कापलेले पीएफचे पैसे "तात्पुरते" वापरायला घेऊ नका. कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरतो, आणि जीएसटीची थकबाकी पुढच्या प्रत्येक कर्जाच्या अर्जात आडवी येते.

तपासणी: "आपल्याकडे किती आठवडे आहेत?" या प्रश्नाला तुम्ही आणि तुमचा अकाउंटंट वेगवेगळे बसून एकच आकडा देता का? देत नसाल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: अडकलेले पैसे सोडवा

नवीन काम आणण्यापेक्षा झालेल्या कामाचे पैसे आणणं स्वस्त पडतं, तरीही "आत्ता मागितले तर काम जाईल" या भीतीने ते मागे राहतं.

तुमची उद्यम (सरकारकडची लहान उद्योगांची) नोंदणी सूक्ष्म किंवा लघू उत्पादक अथवा सेवा पुरवठादार म्हणून असेल, तर लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. याशिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटलेली रक्कम वर्षअखेरीपर्यंत दिली नाही, तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. नुसत्या व्यापाऱ्याला या तरतुदींचा फायदा मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

क्रम असा ठेवा. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. थकलेल्या बिलांची यादी तारखांसह गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागाला ईमेलने पाठवा, पर्चेसला फक्त प्रत. भाषा साधी आणि आदराची. आयकराचा मुद्दा एका ओळीत. मार्च जवळ आला की या एका ओळीने हलणारे पैसे मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्सवर (बिलांचे पैसे लवकर मिळवून देणारा ऑनलाइन मंच) बिल चढवता येतं का विचारा. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे. कंपनीने बिल स्वीकारलं की बँक किंवा फायनान्स कंपनी व्याज कापून पैसे लवकर देते, आणि पुढे गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी ते तुमच्याकडे परत मागितले जात नाहीत.

थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार हा शेवटचा मार्ग. तो वापरायचा असेल तर ते गिऱ्हाईक गेलं असं धरूनच वापरा.

## टप्पा ३: गिऱ्हाइकांकडे जा, पण काम मागायला नाही

"साहेब, काही काम आहे का?" या प्रश्नाला मंदीत एकच उत्तर मिळतं. शिवाय तो प्रश्न पर्चेसच्या माणसाला विचारला जातो, आणि त्याच्याकडे त्या आठवड्यात तुमच्यासारखे वीस जण येऊन गेलेले असतात.

दहा ठिकाणी जा. त्यातली निदान चार आपली गिऱ्हाइकं नसावीत. पर्चेसमधून सुरुवात केली तरी मेंटेनन्स, क्वालिटी आणि स्टोअर्सच्या माणसाला भेटल्याशिवाय परतू नका. मेंटेनन्सच्या माणसाला त्रास काय आहे हे सांगायला आवडतं, कारण त्याला कुणी विचारत नाही.

विचारायचे प्रश्न:

- गेल्या महिन्यात कोणत्या पार्टमुळे मशीन थांबलं? तो पार्ट कुठून आणला, किती दिवस लागले?
- बाहेरून मागवावा लागतो म्हणून जास्तीचा साठा करून ठेवता असा कोणता स्पेअर आहे?
- कोणतं काम तुमच्या माणसांना नाइलाजाने हाताने करावं लागतं?
- आमच्यासारख्या व्हेंडरकडे कोणतं काम द्यायचं तुम्ही बंद केलं, आणि का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना बचाव करू नका. समोरचा जे शब्द वापरतो तेच वहीत लिहा. तो म्हणाला, "तुमच्याकडे दोन पीस मागितले की तुम्ही फोन उचलत नाही," तर तसंच लिहा. "कमी संख्येच्या ऑर्डरींबाबत असमाधान" असं लिहिलंत तर बैठकीत त्यातून कुणाला काही सुचणार नाही.

तपासणी: वहीत निदान पंधरा तक्रारी आहेत का, आणि त्यातल्या पाच तुमच्यासाठी नवीन आहेत का? नसतील तर तुम्ही अजून काम मागत फिरता आहात.

## टप्पा ४: आपल्याकडे काय आहे ते लिहा

"आम्ही बुश, पिन आणि फ्लँज बनवतो" ही यादी उपयोगाची नाही. काय करता येतं ते लिहा. कोणत्या मशीनवर किती व्यासाचा, किती लांबीचा जॉब बसतो. किती मायक्रॉनपर्यंत खात्रीने काम होतं. कोणती मोजमापाची साधनं आहेत आणि त्यांचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत चालतं. कोपऱ्यात पडलेला उरलेला माल, रिकामी जागा, टेम्पो. आणि माणसं: कुणाला जुन्या लेथचं काम येतं, कुणाला ड्रॉइंग काढता येतं, कुणी आधी टूलरूममध्ये होतं. आमच्याकडे सहा वर्षं काम करणारा एक सेटर (प्रत्येक जॉबसाठी मशीन लावून देणारा) आधी पॅकेजिंग मशीनच्या दुरुस्तीवर होता, हे मला याच यादीच्या वेळी कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे रिकामे तास. आपल्या उदाहरणात दोन सीएनसींची दुसरी पाळी बंद आहे. एका पाळीत प्रत्यक्ष ७ तास धरले, तर ६ दिवसांचे ८४ तास. विकायला हाच माल आहे.

## टप्पा ५: प्रश्न एका वाक्यात लिहा

"धंदा कसा वाढवायचा?" या प्रश्नातून "मार्केटिंग करा" आणि "वेबसाइट काढा" एवढंच निघतं. प्रश्नात मर्यादा घातल्या की डोकं कामाला लागतं. वर जमा केलेले आकडे इथे वापरा:

"दुसऱ्या पाळीतले आठवड्याचे ८४ तास, नवीन मशीन न घेता, ३० दिवसांत पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला कसे विकायचे?"

यात किती, काय करायचं नाही आणि कोणासाठी, या तिन्ही गोष्टी आहेत. असे दोन प्रश्न पुरे. दुसरा खर्चाचा असू शकतो: "सेटिंगला लागणारा दोन तासांचा वेळ चाळीस मिनिटांवर कसा आणायचा?" हा दुसरा प्रश्न कमी महत्त्वाचा मानू नका. लहान लॉटची कामं घ्यायची असतील तर सेटिंगचा वेळ कमी झाल्याशिवाय ती परवडतच नाहीत.

## टप्पा ६: बैठक

सर्वाधिक बिघडतो तो हाच टप्पा, म्हणून इथे थोडं थांबू.

आधीची तयारी. सहा ते आठ माणसं. सुपरवायझर, सेटर, दोन ऑपरेटर, क्वालिटीचा माणूस, अकाउंटंट आणि माल पोचवणारा ड्रायव्हर. ड्रायव्हर नक्की हवा. गिऱ्हाइकाच्या गेटवर आणि स्टोअर्समध्ये तो रोज तासभर थांबलेला असतो, कुणाचा माल परत गेला हे त्याला तुमच्या आधी कळतं. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी बोलावू नका. मंगळवारी पहिली पाळी संपण्याआधीचा दीड तास द्या आणि तो पगारी असेल हे आधीच सांगा. सुट्टीच्या दिवशी फुकट बोलावून "आपण सगळे एक कुटुंब आहोत" म्हणालात, तर लोक मान डोलावतील आणि काही बोलणार नाहीत.

दोन दिवस आधी टप्पा ५ चा प्रश्न आणि टप्पा ३ मधल्या तक्रारी मोठ्या अक्षरांत शॉपफ्लोअरवर लावा.

पहिली पाच मिनिटं. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट असते: माणसं कमी करणार का? त्याचं खरं उत्तर आधी द्या. "जानेवारीपर्यंत कुणाला कमी करणार नाही, त्यानंतरचं आज सांगता येत नाही" एवढं जरी सांगता आलं तरी पुरे. जे पाळता येणार नाही ते बोलू नका. आणि हे स्पष्ट करा की इथे सुचवलेल्या कल्पनेमुळे कुणाचं काम जाणार नाही. सेटिंगचा वेळ वाचवण्याची युक्ती सांगितली आणि पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम बंद झाला, तर तो माणूस पुन्हा कधीच काही सांगणार नाही. त्याने सांगू नये हेच बरोबर.

पुढची बारा मिनिटं, पूर्ण शांतता. प्रत्येकाला वीस कोरी कार्डं, एका कार्डावर एकच कल्पना, नाव लिहायचं नाही. कुणी बोलायचं नाही. हा नियम मोडायचा मोह फार होतो, कारण आपल्याला बैठक म्हणजे बोलणं वाटतं. पण एक बोलत असताना बाकीचे ऐकतात, आपलं विसरतात किंवा "त्याने सांगितलंच" म्हणून सोडून देतात. येल विद्यापीठात १९५८ साली केलेल्या एका प्रयोगात चौघांच्या गटाने एकत्र बसून जेवढ्या कल्पना दिल्या, त्यापेक्षा वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या कल्पना दुबार वगळूनही जास्त भरल्या. लहान कारखान्यात यावर आणखी एक ओझं असतं: मालक समोर बसलेला असतो.

ज्याला लिहायला अवघड जातं त्याच्याशेजारी एक लिहिणारा बसवा आणि त्या दोघांना बाहेर पाठवा. हिंदीत लिहिलं तरी चालेल.

वाचन. सगळी कार्डं गोळा करून मिसळा. वाचणारा मालक नसावा. एकेक कार्ड वाचून भिंतीवर लावायचं. "हे आपल्याला जमणार नाही", "हे आपण मागे करून बघितलं" ही वाक्यं या वीस मिनिटांत बंद. मालकाने या पूर्ण वेळात एकही मत द्यायचं नाही, चांगलं सुद्धा. तुम्ही एका कार्डाला "वा!" म्हणालात की पुढची सगळी कार्डं त्याच दिशेची येतात. मला हे शिकायला तीन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीला मी दाराबाहेर उभा राहिलो आणि भिंतीवरची कार्डं दुप्पट झाली.

दुसरी फेरी, पुन्हा शांतपणे दहा मिनिटं. पहिल्या फेरीत सवयीच्या कल्पना संपतात. आता भिंतीवरची कार्डं आणि तक्रारी समोर ठेवून हे प्रश्न एकेक करून विचारा:

- आपण दिवसाला हजार पीस करतो. एकच पीस करायचा असेल तर कोण आपल्याकडे येईल?
- आपला पार्ट न विकता आपला वेळ किंवा साधन भाड्याने द्यायचं, तर काय देता येईल?
- आपल्या आधीचं किंवा आपल्या नंतरचं कोणतं काम गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवतं? ते इथेच झालं तर त्याची एक गाडी वाचेल का?
- आपल्या मंदीच्या महिन्यांत तेजी कोणाकडे असते?

शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या राज्यातच आहे. पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गाळप करतात आणि त्यानंतर पावसाळाभर मशिनरी उघडून दुरुस्ती चालते. शाफ्ट, स्लीव्ह, बुश, स्प्रॉकेट अशी कमी संख्येची कामं त्या महिन्यांत निघतात. वाहन उद्योगावर पूर्ण अवलंबून असलेल्या शॉपला ही दिशा सुचत नाही, कारण तिथे "शेड्यूल" येत नाही, जाऊन विचारावं लागतं. पैशांची मुदत मात्र काम घेण्याआधी ठरवा.

तपासणी: भिंतीवर निदान चाळीस कार्डं आहेत का? मालकाला नावडतील अशी निदान पाच आहेत का? ती पाच नसतील तर लोक अजून घाबरलेले आहेत.

## टप्पा ७: चाळणी, दुसऱ्या दिवशी

त्याच दिवशी निवड करू नका. थकलेली माणसं ओळखीचं तेच निवडतात. दुसऱ्या दिवशी तिघांनी बसावं: मालक, सुपरवायझर, अकाउंटंट. प्रत्येक कार्डाला चार प्रश्न:

1. हे टप्पा ३ च्या वहीतल्या कुठल्या तक्रारीचं उत्तर आहे? कुठल्याच नाही, तर बाजूला.
2. पहिला रुपया किती आठवड्यांत खात्यात येईल? हातातल्या आठवड्यांच्या निम्म्याहून जास्त लागत असतील, तर बाजूला.
3. प्रयोगाच्या रकमेत बसतं का?
4. फसलं तर नेहमीच्या गिऱ्हाइकाचं काही बिघडेल का?

समजा चार कार्डं शेवटपर्यंत आली: जिमची उपकरणं स्वतःच्या नावाने बनवणं, नेहमीच्या गिऱ्हाइकाला १५ टक्के दर कमी करणं, मोजमापाची सेवा देणं आणि मेंटेनन्स विभागांना बंद पडलेल्या मशीनचे स्पेअर ४८ तासांत करून देणं. जिमची उपकरणं पहिल्या तीन प्रश्नांत अडकतात. मोजमापाची सेवा चांगली आहे, पण तिने ८४ तास भरत नाहीत. स्पेअरची कल्पना चारही प्रश्नांतून पार होते.

आता दर कमी करण्याबद्दल. मशीन रिकामं असताना कमी दराने काम घेणं नेहमीच चूक नसतं. सीएनसीचा तुमचा पूर्ण दर ताशी ४०० रुपये असेल, आणि मशीन चालवल्यामुळे खिशातून प्रत्यक्ष जादा जाणारे पैसे (वीज ४०, इन्सर्ट ४५, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर ९०) १७५ असतील, तर ताशी ३०० ला घेतलेलं काम १२५ रुपये भाड्या-हप्त्याकडे देतं. भाडं आणि हप्ता तसेही जाणारच आहेत. पण असा दर नवीन गिऱ्हाइकाला, नवीन पार्टला, लेखी तारखेपर्यंतच द्यावा. २०१९ मध्ये मी आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला चालू पार्टवर १२ टक्के सूट दिली. काम वाढलं नाही, कारण त्याच्याकडेच ते नव्हतं. गाड्या पुन्हा विकल्या जाऊ लागल्यावरही तो दर वर आला नाही.

## टप्पा ८: छोटा प्रयोग

एका कागदावर सहा ओळी लिहा आणि शॉपमध्ये लावा:

- काय: बंद पडलेल्या मशीनचा गोल स्पेअर ४८ तासांत
- कोणासाठी: दहा किलोमीटरमधले आठ मेंटेनन्स विभाग
- खर्चाची मर्यादा: ४०,००० रुपये
- शेवटची तारीख: आजपासून २१ दिवस
- पुढे न्यायचं: पैसे देणारी पाच कामं, निदान दोन ठिकाणांहून पुन्हा फोन
- थांबवायचं: तीनपेक्षा कमी कामं

तीन किंवा चार आली तर? आठ दिवस आणि १०,००० रुपये वाढवायचे, एकदाच. हेही आधीच लिहा. निकाल हातात आल्यावर मर्यादा ठरवायला बसलात, तर प्रत्येक जण आपल्या लाडक्या कल्पनेसाठी वकिली करतो.

दर ठरवताना होणारी चूक. जॉबवर्कची सवय असलेला माणूस मशीनचे तास मोजतो. एक बुश घ्या. मशीनवर दोन तास. माल ७००, बाहेरचं हीट ट्रीटमेंट ४००, नेणं-आणणं १५०. आपण ३,२०० सांगितले. खर्च वजा जाता १,९५० उरले, दोन तासांचे, म्हणजे ताशी ९७५. छान वाटतं. पण तुटलेला पार्ट मोजून ड्रॉइंग काढायला, माल शोधायला आणि सेटिंगला आणखी तीन तास गेले. पाच तासांना १,९५० म्हणजे ताशी ३९०. जॉबवर्कच्या दरापेक्षाही कमी, आणि धावपळ वेगळी. तोच बुश ४,५०० ला दिला तर ताशी ६५० पडतात. लाइन थांबलेली असताना मेंटेनन्सच्या माणसाला ३,२०० आणि ४,५०० मधला फरक मोठा वाटत नाही, त्याला उद्या संध्याकाळी पार्ट हवा असतो. म्हणून वेळेचा शब्द पाळणं हाच इथला खरा माल आहे. ४८ तास जमणार नसतील तर ७२ सांगा आणि ६० मध्ये द्या.

पहिल्या कामाला निम्मे पैसे आगाऊ मागा. न देणारा गिऱ्हाईक प्रयोगातही नको, कारण आपण नेमकं हेच तपासतो आहोत की लोक या गोष्टीसाठी लवकर पैसे देतात का. "कल्पना आवडली" हा निकाल धरू नका. फुकट करून दिलेला नमुना तर मुळीच नाही.

सावधान: वजन उचलण्याचे हुक, दाबाखालच्या टाक्यांचे भाग, ब्रेकचे भाग असं काहीही तुटलेल्या नमुन्यावरून बनवू नका. मापं जुळली तरी मटेरियल आणि हीट ट्रीटमेंट जुळेलच असं नाही, आणि इथे चुकलं तर माणूस जातो. बाकी पार्टमध्येही शंका असेल तर मटेरियलची स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती आहे याची तपासणी) करून घ्या आणि तिचा खर्च दरात धरा. दुसऱ्या कंपनीचं नाव किंवा खूण आपल्या पार्टवर उमटवू नका.

सावधान: प्रयोगासाठी नेहमीच्या गिऱ्हाइकाची पाळी मोडू नका. एका तातडीच्या बुशसाठी चालू सेटिंग उतरवलं आणि नेहमीचा माल एक दिवस उशिरा गेला, तर प्रयोग यशस्वी होऊनही तोटाच. एक मशीन फक्त प्रयोगाला ठेवा.

## टप्पा ९: बँकेला आधी सांगा

हप्ता चुकणार असं टप्पा १ च्या कागदावर दिसत असेल, तर तो चुकण्याआधी शाखेत जा. हप्ता थकला की खातं ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (बँकेच्या धोक्याच्या यादीची पहिली पायरी), मग एसएमए-१, ६० दिवसांनंतर एसएमए-२ असं उतरत जातं आणि ९० दिवस ओलांडले की एनपीए (बुडीत खातं) होतं. एनपीए झाल्यावर बँकेच्या माणसाच्या हातात फार थोडं उरतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या चौकटीप्रमाणे २५ कोटींपर्यंत कर्ज असलेलं लहान युनिट अडचण दिसताच स्वतः बँकेच्या समितीकडे अर्ज करू शकतं. जाताना १३ आठवड्यांचा कागद आणि प्रयोगाचा सहा ओळींचा कागद न्या. नुसतं "मंदी आहे साहेब" म्हणणारे त्यांना दिवसात दहा भेटतात.

## टप्पा १०: दर बुधवारी वीस मिनिटं

प्रयोग चालू असताना आठवड्यातून एकदाच बसा. तीनच आकडे: किती आठवडे उरले, प्रयोगावर किती खर्च झाला, किती जणांनी पैसे दिले. २१ व्या दिवशी कागदावर जे लिहिलं आहे ते करा. थांबवायचं ठरलं तर ज्याची कल्पना होती त्याला सर्वांसमोर आकडे दाखवा, त्याचं काय चुकलं असं बोलू नका. चाललं तर लगेच मशीन घेऊ नका. आधी ८४ तास भरू द्या, मग सलग सहा आठवडे ते भरलेले राहतात का बघा.

बाजूला काढलेली कार्डं टाकू नका. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि चार प्रश्नांपैकी कुठल्या प्रश्नावर ते अडकलं तो क्रमांक लिहून डब्यात ठेवा. तीन महिन्यांनी डबा उघडा आणि दोन आणि तीन क्रमांकावर अडकलेली कार्डं आधी वाचा. तेव्हा हातातले आठवडे वेगळे असतील, प्रयोगाची रक्कम वेगळी असेल. आमचं मोजमापाच्या सेवेचं कार्ड अशा डब्यात सात महिने होतं.